चार मायक्रोलिटर रक्तातला एलएच: ५१८बी७ एलायझाचं परीक्षण

आधी निकाल सांगतो, कारणं मागून येतील. उंदराच्या शेपटीतून दर काही मिनिटांनी थेंबभर रक्त घेऊन ल्युटिनायझिंग हॉर्मोनच्या, म्हणजे एलएचच्या, पल्स (रक्तात मधूनमधून येणाऱ्या उसळ्या) मोजायच्या असतील तर ५१८बी७ या अँटिबॉडीवर उभा केलेला घरगुती सँडविच एलायझा (दोन अँटिबॉडींमध्ये हॉर्मोन पकडून रंगाने मोजण्याची पद्धत) घ्यावा. संवेदनशीलता भरपूर, पदार्थ मोजके, आणि एक दिवसात प्लेट वाचून होते. पण एका प्राण्याचा एकच नमुना मोजायचा असेल, किंवा महिन्याकाठी एखादीच प्लेट लागत असेल, तर या वाटेला जाऊ नये. ही पद्धत बसवायला जेवढे दिवस जातात तेवढ्यात दुसऱ्या मार्गाने तुमचं काम उरकलेलं असेल.

हा डबाबंद किट नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. खोक्यात कोट केलेली प्लेट, सहा रंगीत झाकणांच्या बाटल्या आणि पत्रक असं काही मिळत नाही. तुकडे वेगवेगळे जमवावे लागतात: पकडणारी अँटिबॉडी ५१८बी७, ओळखणारं सशाचं सीरम एएफपी२४०५८०आरबी, उंदराच्या एलएचचं स्टँडर्ड (तुलनेसाठी माहीत असलेल्या मात्रेचा हॉर्मोन) एएफपी-५३०६ए, आणि एचआरपी (रंग काढणारं पेरॉक्सिडेज एन्झाइम) जोडलेली शेळीची अँटी-रॅबिट, म्हणजे सशाच्या अँटिबॉडीला धरणारी अँटिबॉडी. स्टेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘एंडोक्रायनॉलॉजी’ या नियतकालिकात ही जुळणी मांडली, आणि बहुतेक प्रयोगशाळांतली पद्धत थोड्याफार फरकाने तीच आहे. नावातलं ‘एएफपी’ म्हणजे अल्बर्ट एफ. पार्लो यांची आद्याक्षरं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉर्मोन आणि पेप्टाइड कार्यक्रमातून त्यांनी अशी सीरमं आणि स्टँडर्ड जगभर पुरवली.

एवढ्या खटपटीचं कारण रक्ताच्या हिशोबात आहे. २५ ग्रॅमच्या उंदराच्या अंगात रक्त असतं जेमतेम १.८ मिलिलिटर. जुन्या रेडिओइम्युनोअॅसेला (किरणोत्सारी लेबल वापरून मोजण्याच्या पद्धतीला) एका वाचनासाठी दहा-वीस मायक्रोलिटरपासून पुढे सीरम लागायचं. त्या मापाने दर ६ मिनिटांनी ३ तास नमुने घ्यायचे म्हटले, तर उंदीर संपेल आणि पल्स दिसायच्या राहतील. इथे दर वेळी ४ मायक्रोलिटर रक्त लागतं. ३ तासांत सुरुवातीचा धरून ३१ नमुने होतात, म्हणजे एकूण १२४ मायक्रोलिटर. अंगातल्या रक्ताच्या सात टक्क्यांच्या आसपास. प्राणी जिवंत राहतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वापरता येतो.

अँटिबॉडी कशी आहे

५१८बी७ ही उंदराची मोनोक्लोनल (एकाच पेशीरेषेतून बनलेली), पण बनवलेली गायीच्या एलएचविरुद्ध. ती बीटा उपघटकाला पकडते. एलएच, एफएसएच आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हॉर्मोन) या तिघांचाही अल्फा उपघटक एकच असतो, वेगळेपण फक्त बीटामध्ये असतं. त्यामुळे अल्फाला चिकटणारी अँटिबॉडी एलएच मोजायला निरुपयोगी. थायरॉइडचा आकडा एलएच म्हणून हाती येईल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या जॅनेट रोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली या अँटिबॉडीचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि त्यातला लक्षवेधी मुद्दा हाच की अनेक सस्तन जातींचा एलएच ती ओळखते. गायीसाठी बनवलेली अँटिबॉडी उंदराला चालते ती या गुणामुळे. इथे आणखी एक सोय झाली आहे: उंदराच्या प्रथिनाविरुद्ध उंदरातच अँटिबॉडी बनवणं अवघड, कारण त्याचं शरीर स्वतःच्या एलएचला परका मानत नाही. गाय मध्ये घेतल्यावर तो अडसर सुटतो.

पण ज्या गुणामुळे ती चालते त्यातच एक खाच आहे. सुपरओव्ह्युलेशनसाठी (एकदम जास्त अंडी मिळावीत म्हणून) पीएमएसजी हे हॉर्मोन दिलेल्या उंदरांत ही पद्धत डोळे मिटून वापरू नका. पीएमएसजी घोडीच्या रक्तातून येतं, आणि घोड्यात एलएच व कोरिऑनिक गोनाडोट्रोपिन यांचा बीटा उपघटक एकाच जनुकातून बनतो. अनेक जाती ओळखणारी अँटिबॉडी टोचलेल्या औषधालाही हात घालू शकते. औषधाची पातळ केलेली मालिका एका प्लेटवर लावून पाहिली की सोक्षमोक्ष लागतो. चार वेलचा (प्लेटमधल्या खळग्यांचा) खर्च आहे, तेवढा करावाच.

सशाचं सीरम पॉलिक्लोनल. ते एलएचच्या अनेक भागांना धरतं, अल्फालासुद्धा. तरी बिघडत नाही, कारण प्लेटवर आधीच फक्त एलएच बीटा पकडलेला असतो. सँडविचची खरी किमया हीच: दोन्ही हात एकाच रेणूला लागले तरच रंग येतो. मोकळा सुटलेला एलएच बीटा उपघटक मात्र यात मोजला जाऊ शकतो, हे पिट्युटरीच्या अर्कावर काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. रक्तासाठी ही चिंता कमी आहे.

एक प्लेट, सकाळ ते संध्याकाळ

आदल्या संध्याकाळी उच्च बंधनक्षमतेच्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ५० मायक्रोलिटर ५१८बी७ घालायचं, साध्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) १:१००० पातळ करून, आणि ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायचं. या पीबीएसमध्ये ट्वीन (डिटर्जंट) नको, बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) नको. कुठलंही दुसरं प्रथिन प्लास्टिकवर अँटिबॉडीची जागा अडवतं, आणि ट्वीन तर अँटिबॉडीला चिकटूच देत नाही. साठ्यातल्या बाटलीत स्थिरतेसाठी बीएसए किंवा जिलेटिन घातलं असेल तर हीच अडचण लपून बसलेली असते. कोटिंग कमजोर निघालं तर आधी बाटलीवरचं लेबल वाचावं, मग पद्धतीवर संशय घ्यावा.

सकाळी ५ टक्के स्किम्ड मिल्क पावडर घातलेल्या पीबीएस-ट्वीनने (०.०५ टक्के ट्वीन-२०) दर वेलला २०० मायक्रोलिटर घालून २ तास ब्लॉकिंग. मग स्टँडर्ड आणि नमुने, ५० मायक्रोलिटर, २ तास. धुणं. सशाचं सीरम १:१००००, ५० मायक्रोलिटर, दीड तास. धुणं. एचआरपीची अँटी-रॅबिट १:१००० च्या आसपास, दीड तास. पुन्हा धुणं, यावेळी जरा जास्तच. मग ओपीडी (एचआरपीमुळे रंग येणारं रसायन) १०० मायक्रोलिटर, अंधारात ३० मिनिटं, ५० मायक्रोलिटर ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने थांबवणं, आणि ४९० नॅनोमीटरवर वाचन, ६५० च्या आसपासचं पार्श्ववाचन वजा करून. सगळी प्रमाणं आरंभबिंदू म्हणून घ्या. अँटिबॉडीची बाटली बदलली की दोन्ही बाजूंची सौम्यता चेकरबोर्ड (दोन्हींच्या सौम्यतांच्या सगळ्या जोड्या एका प्लेटवर) लावून नव्याने ठरवायला लागते.

१:१०००० या आकड्यापाशी जरा थांबू. संपूर्ण प्लेटला ५ मिलिलिटर द्रव लागतो, म्हणजे सीरम लागतं अर्धा मायक्रोलिटर. काटकसर म्हणून हे फार छान आहे: कागदावर १०० मायक्रोलिटरच्या बाटलीत २०० प्लेट होतात. पण अर्धा मायक्रोलिटर थेट पिपेटने घेणं म्हणजे दर प्लेटला वेगळी पद्धत वापरणं. टिपच्या बाहेर चिकटलेलं सीरमच कधी कधी तेवढं असतं. म्हणून आधी १:१०० करायचं, १ ऐवजी निदान ५ मायक्रोलिटर घेऊन ५०० मध्ये, आणि त्यातलं ५० मायक्रोलिटर ५ मिलिलिटरमध्ये. १:१०० चं उरलेलं फेकून द्यावं. जपून ठेवायचा मोह होतो, पण दोन प्लेटमधला सिग्नलचा फरक बऱ्याचदा अशा जपणुकीतूनच येतो.

नमुना घेण्याची कृती सोपी वाटते, पण सगळा अचूकपणा तिच्यात आहे. छोट्या नळ्यांत ११६ मायक्रोलिटर पीबीएस-ट्वीन आधीच भरून बर्फावर ठेवलेलं असतं. शेपटीच्या टोकातून ४ मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, टिपचा बाहेरचा भाग पुसायचा, द्रवात सोडून दोन-तीनदा वरखाली करून टिप धुऊन काढायची, आणि नळी लगेच कोरड्या बर्फावर. ४ च्या जागी ४.४ आलं तर आकडा दहा टक्क्यांनी फुगला, आणि ही चूक पुढच्या कोणत्याही पायरीत दिसत नाही. ड्युप्लिकेट वेल एकमेकांशी सुरेख जुळतात, कारण दोन्ही त्याच चुकीच्या नळीतून आलेल्या असतात. चांगल्या सीव्हीवर (वाचनांमधल्या टक्केवारीतल्या फरकावर) खूश होणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लावावं.

आणखी एक हिशोब. नळीत १२० मायक्रोलिटर. दोन वेलला ५०-५०, म्हणजे १०० गेले. उरले २०. परत मोजायला काहीच नाही. म्हणजे प्लेट बिघडली तर त्या उंदराचे ३ तास गेले. या पद्धतीचं सगळ्यात मोठं बळ आणि सगळ्यात मोठी अडचण, दोन्ही त्या चार मायक्रोलिटरमध्येच आहेत. म्हणून खरे नमुने लावण्याआधी निदान तीन प्लेट फक्त स्टँडर्ड आणि पूलवर (अनेक प्राण्यांच्या एकत्र केलेल्या रक्तावर) घालवाव्यात. तीनही दिवस वक्र एकमेकांवर बसला तरच फ्रीझर उघडावा.

प्लेटची मांडणी

इथे जवळपास प्रत्येक नवीन माणूस अडखळतो. सर्रास दिसणारी मांडणी अशी: ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपासून दर पायरीला निम्मं करत ११ स्टँडर्ड, एक ब्लँक, सगळं ड्युप्लिकेट. झाल्या २४ वेल. तीन कंट्रोल पूल, प्लेटच्या सुरुवातीला आणि शेवटी, ड्युप्लिकेट. आणखी १२. उरल्या ६०, म्हणजे ३० नमुने. आणि एका उंदराचे नमुने आहेत ३१! मग तो एकतिसावा दुसऱ्या प्लेटवर जातो, किंवा कोणीतरी शेवटचा कंट्रोल उडवतं. दोन्ही चूक. एका प्राण्याचे सगळे नमुने एकाच प्लेटवर हवेत, कारण प्लेट-प्लेटमधला फरक पल्स म्हणून बाहेर येतो. आणि शेवटचा कंट्रोल नसेल तर प्लेटभर सिग्नल सरकला की नाही ते कळणार नाही.

उत्तर स्टँडर्डमध्ये आहे. नमुना १:३० पातळ केलेला असतो. वेलमधला ४ नॅनोग्रॅम म्हणजे रक्तातला १२०. उंदराच्या रक्तात एवढा एलएच सापडत नाही. वरची दोन टोकं कापा, १ नॅनोग्रॅमपासून सुरुवात करा. ते रक्तातले ३० झाले, आणि अंडमोचनापूर्वीच्या लाटेलाही तेवढी वरची मर्यादा पुरते. १ पासून दहा पायऱ्या केल्या की तळ ०.००२ च्या जवळ येतो, रक्तात ०.०६. दहा स्टँडर्ड आणि ब्लँक मिळून २२ वेल, कंट्रोल १२, उरल्या ६२. बरोब्बर ३१ नमुने.

स्टँडर्ड ०.२ टक्के बीएसए घातलेल्या पीबीएस-ट्वीनमध्ये, कमी चिकटणाऱ्या नळ्यांत, वापरायच्या अर्धा तास आधी बनवायचे. ०.००२ नॅनोग्रॅमच्या नळीत हॉर्मोन इतका कमी असतो की बीएसए नसेल तर बराचसा नळीच्या भिंतीलाच लागतो, आणि वक्राचा तळ वाकडा होतो. आदल्या दिवशी बनवून ठेवलेली मालिका वापरू नये. मूळ स्टँडर्डच्या एकदाच वापरायच्या अॅलिकॉट (छोट्या वाटण्या) करून -८० अंशाला ठेवाव्यात. गोठवणं-वितळवणं पुन्हा नाही.

कुठे घसरतं

पार्श्वभूमी जास्त येते ही पहिली तक्रार. बहुतेक जण ब्लॉकिंगला दोष देतात. आमच्या मते पहिला संशयित अँटी-रॅबिट असावी. प्लेटवर उंदराची मोनोक्लोनल आहे, नमुन्यातही उंदराचं आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटिबॉडी) भरपूर आहे. शेळीची अँटी-रॅबिट उंदराच्या आयजीजीला थोडीशी जरी ओळखत असेल तर सगळी प्लेट पिवळी-केशरी होते, एलएच असो-नसो. ऑर्डर करताना उंदराच्या आयजीजीवर शोषून घेतलेली, म्हणजे क्रॉस-अॅड्सॉर्ब्ड, हे लिहिलेलंच घ्यायचं. तपासणी सोपी: दोन वेलमध्ये सशाचं सीरम सोडून बाकी सगळं घाला. रंग आला तर दोष तिथेच.

दुसरा संशयित रक्त. गोठून वितळलेल्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटलेल्या असतात, द्रव गुलाबी दिसतो. हिमोग्लोबिनमधलं हीम पेरॉक्सिडेजसारखं वागतं. पेरॉक्साइड आणि ओपीडी मिळाले की तेही रंग काढतं, एचआरपी नसतानाही. धुण्यात ते निघून जायला हवं. प्लेट उलटी करून टिश्यूवर आपटताना पहिल्या धुण्यात टिश्यू गुलाबी होतो, तिसऱ्यात पांढरा राहायला हवा. पांढरा नसेल तर धुणं अपुरं. एका वेलमध्ये रक्त घाला पण एचआरपी टाळा. तिथे रंग दिसला तर आणखी दोन धुणी वाढवा. स्वयंचलित वॉशर वापरत असाल तर त्याची एखादी सुई बुजलेली नाही ना ते बघा, कारण रक्ताच्या गुठळीने ती बुजते आणि मग प्लेटवर एका ओळीतच एलएच वाढलेला दिसतो.

तिसरं, साधं पण दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येणारं: सोडियम अझाइड. बुरशी येऊ नये म्हणून बफरमध्ये ते घालायची जुनी सवय असते. एचआरपीला ते मारक आहे. संपूर्ण प्लेट कोरी आली, स्टँडर्डसुद्धा, तर बफरच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा.

ओपीडीबद्दल दोन शब्द. उजेडात ते आपणहून पिवळं पडतं, म्हणून वापरायच्या क्षणी बनवायचं. ते म्युटेजेनिक आहे, हातमोज्यांशिवाय नको आणि सिंकमध्येही नको. त्याऐवजी टीएमबी हे रंग देणारं दुसरं रसायन वापरलं तरी चालतं, सल्फ्युरिक आम्लाने थांबवून ४५० वर वाचायचं. पण मग सौम्यता नव्याने ठरवा, कारण टीएमबी जास्त तापट आहे आणि जुन्याच सौम्यतेवर वक्राचा वरचा भाग सपाट होतो. ओपीडी आणि आम्ल दोन्ही एकाच क्रमाने, एकाच लयीत घालायचं. पहिल्या स्तंभाला ३० मिनिटं आणि शेवटच्याला २७ मिळाली, तर नमुने वेळेच्या क्रमाने लावलेले असताना एलएच संथपणे उतरत असल्याचं दृश्य तयार होतं. ड्युप्लिकेट वेल शेजारी-शेजारी ठेवू नयेत, हेही त्याच कारणाने. प्लेटच्या कडेच्या वेल लवकर तापतात-सुकतात; चिकटपट्टीचं झाकण आणि खोलीच्या तापमानाला आणलेले द्रव एवढ्याने बहुतेक फरक जातो.

आकडा खरा आहे का

या भागाकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात, आणि परीक्षणात सर्वात जास्त गुण-दोष इथेच आहेत. स्टँडर्ड बीएसएच्या स्वच्छ द्रवात, नमुना मात्र तीसपट पातळ केलेल्या रक्तात. दोघांत अँटिबॉडी सारखीच वागते का? वृषण काढलेल्या नराच्या रक्तात एलएच चढा असतो. ते १:३०, १:६०, १:१२०, १:२४० असं लावून पहा. वक्र स्टँडर्डला समांतर गेला आणि सौम्यतेने गुणल्यावर चारही उत्तरं जवळपास एकच आली तर ठीक. १:३० ला कमी आणि पुढे जास्त येत गेलं, तर रक्तातलं काहीतरी आड येतंय. मग स्टँडर्डही एलएच नसलेल्या रक्ताच्या १:३० द्रावणातच बनवायला हवेत.

एलएच नसलेलं रक्त आणायचं कुठून? जीएनआरएचच्या (एलएच सोडायला लावणाऱ्या हॉर्मोनच्या) जनुकात तुटी असलेला हायपोगोनाडल उंदीर हा जुना आणि उत्तम नकारात्मक कंट्रोल. त्याचा एलएच तळाला असतो. एलएच बीटा जनुक काढलेला उंदीर त्याहून चोख. दोन्ही नसतील तर सेट्रोरेलिक्ससारखं जीएनआरएच-विरोधी औषध दिलेला प्राणी चालतो. आणि होकारात्मक बाजूने, जीएनआरएच टोचल्यावर १०-१५ मिनिटांत एलएच उसळलेला दिसायलाच हवा. या कसोट्या बाजारातल्या कुठल्याही ‘माऊस एलएच’ किटलाही लावाव्यात. वृषण काढलेल्या नराचा आणि हायपोगोनाडल उंदराचा आकडा सारखाच देणारा किट पत्रकात कितीही देखणा वक्र छापो, तो एलएच मोजत नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात यायला लागलं, तर पोहरा तपासावा.

आकड्याचं एकक वाचतानाही जपून. हा आकडा संपूर्ण रक्तातला आहे, प्लाझ्मातला नाही. एलएच तांबड्या पेशींत नसतो. हेमॅटोक्रिट ४५ टक्के धरलं तर रक्तातला १ नॅनोग्रॅम म्हणजे प्लाझ्मातले सुमारे १.८. दोन शोधनिबंधांतले आकडे न जुळण्याचं निम्मं कारण हे, आणि उरलेलं निम्मं वेगवेगळं स्टँडर्ड. रॅटच्या, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराच्या, स्टँडर्डवर मोजलेला उंदराचा एलएच आणि एएफपी-५३०६ए वर मोजलेला, यांची थेट तुलना करू नये. एकाच प्रयोगातल्या गटांची तुलना मात्र निर्धास्त करा.

पल्स की गोंगाट

समजा मूळ पातळी रक्तात ०.३ नॅनोग्रॅम. वेलमध्ये ती ०.०१. तिथे ०.००२ एवढी डगमग असेल तर ३० ने गुणल्यावर रक्तात ०.०६, म्हणजे मूळ पातळीच्या २० टक्के. लागोपाठच्या दोन नमुन्यांत ही डगमग उलटसुलट पडली की छोटीशी पल्स तयार! पल्सार किंवा डायनपीकसारखे पल्स शोधणारे संगणक कार्यक्रम वापरताना म्हणूनच आधी आपल्या प्लेटचा गोंगाट माहीत हवा. पल्सार तर अॅसेची चूक इनपुट म्हणून मागतं, आणि तिथे शोधनिबंधातून उचललेला सीव्ही भरला तर मोजलेल्या पल्स त्या शोधनिबंधाच्या प्लेटच्या असतात, तुमच्या नाहीत. सीव्ही एकच नसतो हेही विसरू नका: वरच्या पूलला ५ टक्के आणि खालच्याला १८ हे सहज शक्य आहे. म्हणून खालचा पूल प्राण्यांच्या मूळ पातळीच्या जवळ बनवा. बरेच जण सुंदर दिसतो म्हणून वक्राच्या मधोमध तीन पूल ठेवतात. त्या कंट्रोलने काहीच सिद्ध होत नाही.

वृषण किंवा अंडाशय काढलेल्या प्राण्यांत पल्स उंच असतात. तिथे या पद्धतीला पूर्ण गुण. अखंड मादीत, तळाशी रेंगाळणाऱ्या पातळीत, दहापैकी सहा-सात. शोध मर्यादा ब्लँकच्या सरासरीवर दोन किंवा तीन प्रमाण विचलनं अशी स्वतःच्या प्लेटवरून काढा, आणि त्याखालचे आकडे शून्य म्हणून न भरता मर्यादा म्हणून नोंदवा. वक्रासाठी चार-घटकी लॉजिस्टिक पुरतो. सरळ रेषा बसवण्याचा हट्ट तळाला सगळ्यात महाग पडतो.

रेडिओइम्युनोअॅसेशी तुलना एका वाक्यात: आयोडिन-१२५ चं अर्धायुष्य ६० दिवसांचं, त्यामुळे लेबल सतत बनवत राहावं लागतं, आणि रक्त कितीतरी जास्त लागतं, जुन्या माहितीशी सलग तुलना हवी असेल तरच तिकडे जावं.

उरला पुरवठ्याचा प्रश्न, आणि गुण कापायची जागा हीच. मोनोक्लोनल पेशीरेषेतून पुन्हा बनवता येते. सशाचं सीरम तसं नाही. ज्या सशाचं ते आहे तो कधीच गेला, आणि बाटलीत आहे तेवढंच आहे. त्यामुळे हातात जुनी बाटली असतानाच पर्यायी ओळखणारी अँटिबॉडी शोधून ठेवावी. निदान ४० नमुने, खालपासून वरपर्यंत पसरलेले, दोन्हींवर एकाच दिवशी लावावेत आणि फरक पातळीप्रमाणे वाढतो का ते पाहावं. पर्याय बायोटिन जोडलेला असेल तर ब्लॉकिंगचं दूध बदलून बीएसए घ्या, दुधातलं बायोटिन स्ट्रेप्टअॅव्हिडिनला आधीच गाठतं. आणि जुनं सीरम ५-५ मायक्रोलिटरच्या अॅलिकॉटमध्ये वाटून दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. एकाच दिवशी लावल्या तर एका अॅलिकॉटमध्ये दहा प्लेट होतात.